ट्रॅकबॉल परत आलाय, पण अंगठ्याला विचारलंत का?

इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूबवर ‘डेस्क सेटअप’चे व्हिडीओ बघायची सवय असेल, तर एक गोष्ट हल्ली तुमच्याही नजरेत आली असेल. कीबोर्डच्या उजवीकडे माउसच्या जागी एक जाडसर, फुगीर वस्तू असते आणि तिच्या कुशीत बसलेला निळा किंवा करडा गोळा. वस्तू जागची हलत नाही, मनगटही हलत नाही. अंगठा गोळ्यावर फिरतो आणि स्क्रीनवर कर्सर पळतो. वायर नाही, माउसपॅड नाही. खाली कमेंटमध्ये दोन ठरलेले प्रश्न: “हे काय आहे?” आणि “लिंक द्या ना.”

हे काय आहे ते सांगतेच. पण लिंकवर क्लिक करण्याआधी जरा थांबा.

मी गेलं दीड वर्ष वायरलेस ट्रॅकबॉल वापरतेय. काम लिहिण्याचं आणि थोडंफार व्हिडीओ एडिटिंगचं. पुण्यात तिघींचा फ्लॅट, त्यात टेबल एकच आणि तेही जेवणाचं. त्यामुळे ट्रॅकबॉलची बाजू घ्यायला मला वेगळं कारण शोधावं लागत नाही. तरीही बाजारात सध्या ज्या प्रकारचा ट्रॅकबॉल सगळ्यात जास्त दिसतो, तो दिवसभर मोबाईल हातात असणाऱ्याने डोळे झाकून घेऊ नये, असं माझं मत झालंय. का, ते पुढे येईलच.

उताणा माउस

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पोटात रबरी गोळा असलेला माउस असायचा, तो आठवतोय? नसेल तर घरातल्या दादा-ताईला विचारा. त्यांच्या वर्गातल्या कुणीतरी तो गोळा काढून खिशात घातलेला असणारच. तो माउस उताणा केला, गोळा मोठा केला, की झाला ट्रॅकबॉल. माउसमध्ये हात सगळी वस्तू सरकवतो, इथे वस्तू एका जागी बसते आणि बोटं फक्त गोळा फिरवतात.

आत फार काही नाही. गोळा तीन बारीक, कडक मण्यांवर टेकलेला असतो, म्हणून तो सहज घरंगळतो. एक छोटा ऑप्टिकल सेन्सर गोळ्याच्या पृष्ठभागाकडे सतत बघत असतो आणि तो किती आणि कुठल्या दिशेने सरकला हे मोजतो. साध्या ऑप्टिकल माउसमध्ये हाच सेन्सर टेबलाकडे बघतो. पुढे ही माहिती ब्लूटूथने किंवा यूएसबीला लावलेल्या छोट्या रिसीव्हरमार्फत लॅपटॉपकडे जाते. लॅपटॉपच्या लेखी हा माउसच असतो, त्याला फरक कळतही नाही.

मग फायदा काय? जागा. माउसला टेबल लागतं, तेही सपाट आणि रिकामं. ट्रॅकबॉल उशीवर ठेवा, मांडीवर ठेवा, सोफ्याच्या हातावर ठेवा, चालतो. सोनोग्राफी सेंटरमध्ये कधी गेला असाल तर मशिनच्या कीबोर्डच्या मधोमध एक गोळा बघितला असेल. डॉक्टरांचा एक हात पेशंटच्या पोटावरच्या प्रोबवर असतो आणि दुसरा त्या गोळ्यावर. तिथे माउस सरकवायला जागा कुठून आणायची? जहाजांच्या रडारवरही ट्रॅकबॉल असतो, कारण डोलणाऱ्या जहाजावर माउस टेबलावरून घसरून जाईल. तुमच्या ओळखीत मर्चंट नेव्हीतलं कुणी असेल तर विचारून बघा. आणि रील एडिट करणाऱ्यांसाठी खास: सिनेमाचे रंग सुधारणारे कलरिस्ट ‘दाविंची रिझॉल्व्ह’च्या ज्या पॅनेलवर काम करतात, त्यावर एक सोडून तीन ट्रॅकबॉल असतात. सावलीच्या, मधल्या आणि उजेडाच्या भागासाठी एकेक.

माउसपेक्षा जुना

ट्रॅकबॉल ही काही नवी टूम नाही. तो माउसच्याही आधी आला. १९४६ मध्ये ब्रिटिश नौदलासाठी काम करणाऱ्या राल्फ बेंजामिन यांनी रडारच्या पडद्यावरचा बिंदू हलवायला फिरत्या गोळ्याची कल्पना मांडली. काम लष्करी, म्हणून गुप्त राहिलं. १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलाच्या ‘डेटार’ प्रकल्पातल्या इंजिनिअरांनी पुन्हा हीच वस्तू बनवली आणि गोळा म्हणून चक्क तिकडच्या बोलिंगच्या खेळातला चेंडू वापरला. डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांचा लाकडी माउस १९६० च्या दशकातला आणि तो जगासमोर आला ९ डिसेंबर १९६८ रोजी. मग १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश माउस घेऊन घराघरांत शिरला आणि ट्रॅकबॉल कोपऱ्यात गेला.

मधल्या काळात तो लॅपटॉपवर दिसला. ॲपलच्या १९९१ च्या पॉवरबुकवर कीबोर्डच्या खाली ट्रॅकबॉल होता. १९९४ मध्ये ट्रॅकपॅड आला आणि तिथूनही त्याची सुट्टी झाली.

आणि हो, तो मोबाईलवरही होता! ब्लॅकबेरी पर्ल, २००६: मधोमध वाटाण्याएवढा गोळा. २००८ मध्ये आलेला पहिला अँड्रॉइड फोन, म्हणजे एचटीसी ड्रीम, त्यावरही गोळा. २०१० च्या नेक्सस वनवर तर मेसेज आला की उजळणारा गोळा. हे सगळे गोळे अंगठ्याने फिरवायचे. खिशातल्या धुळीने आणि घामाने ते अडकायचे आणि टचस्क्रीन चांगली झाल्यावर त्यांची गरजच उरली नाही. गोळा गेला, अंगठ्याचं काम मात्र राहिलं. उलट वाढलंच.

मग आत्ताच चर्चा का?

सप्टेंबर २०२४ मध्ये लॉजिटेकने एमएक्स एर्गो एस हा ट्रॅकबॉल आणला. आधीचा एमएक्स एर्गो २०१७ चा. म्हणजे सात वर्षांनी नवं मॉडेल आणि त्यात ठळक बदल दोन: चार्जिंगला जुन्या मायक्रो यूएसबीऐवजी यूएसबी-सी आणि क्लिकचा आवाज बराच कमी. गोळा तोच, घडण तीच, अमेरिकेतली किंमतही तीच, ९९.९९ डॉलर. स्वस्तातल्या मॉडेलचं तेच. एम५७० हा २०१० चा, त्याची पुढची आवृत्ती एर्गो एम५७५ आली २०२० मध्ये, ४९.९९ डॉलरला. मोबाईल कंपन्या दरवर्षी नवा फोन काढतात, इथे दहा-दहा वर्षं मॉडेल बदलत नाही.

यूएसबी-सीचा बदल आत्ताच का झाला, याबद्दल माझा एक अंदाज आहे. युरोपीय संघाने सामायिक चार्जरचा नियम २८ डिसेंबर २०२४ पासून लागू केला. आपण तो आयफोनच्या संदर्भात ऐकला, पण त्याच यादीत चार्ज होणारे कीबोर्ड आणि माउससुद्धा आहेत. नवा ट्रॅकबॉल त्या तारखेच्या तीन महिने आधी येतो, हा निव्वळ योगायोग वाटत नाही. ग्राहकांनी वर्षानुवर्षं मागितलं ते कायद्याची तारीख जवळ आल्यावर मिळालं, असं दिसतंय. फायदा इथे आपल्यालाही झाला. फोनची केबलच पुरते.

त्याच वर्षी जुलैमध्ये लॉजिटेकच्या सीईओ हॅनेके फेबर यांनी ‘द व्हर्ज’च्या पॉडकास्टवर ‘फॉरेव्हर माउस’ची कल्पना बोलून दाखवली. एकदा घ्यायचा, कायम वापरायचा, सॉफ्टवेअर अपडेट होत राहणार आणि त्या सॉफ्टवेअरसाठी कदाचित सबस्क्रिप्शन. माउसला मंथली प्लॅन! इंटरनेटवर गदारोळ झाला आणि असा कुठलाही माउस आणण्याची योजना नाही, असं कंपनीला सांगावं लागलं. मला यातली गंमत वेगळीच वाटते. वर्षानुवर्षं टिकणारी आणि रोज तीच राहणारी वस्तू ट्रॅकबॉलच्या रूपात त्यांच्याकडे आधीपासून होतीच, आणि तीही सबस्क्रिप्शनशिवाय.

ट्रॅकबॉल टिकतो, कारण त्यात झिजण्यासारखं कमी आहे. तो टेबलावर घासला जात नाही. कालांतराने जातो तो क्लिकचा स्विच: एकदा दाबलं की दोनदा क्लिक व्हायला लागतं. सोल्डरिंग येणारा मोबाईल रिपेअरवाला तो बदलून देऊ शकतो. कॅनडातली ‘प्लूपी’ नावाची छोटी कंपनी तर आपल्या ट्रॅकबॉलचं पूर्ण डिझाइन खुलं ठेवते, थ्रीडी प्रिंटर असेल तर घरी बनवा म्हणते. अर्थात त्यांचा क्लासिक ट्रॅकबॉल वायरवाला आहे.

आता अंगठ्याचं

वायरलेस ट्रॅकबॉल दोन जातींचे. एक अंगठ्याने फिरवायचा: गोळा डाव्या कुशीत, क्लिक नेहमीसारखं तर्जनी आणि मधल्या बोटाने. दुसरा बोटांनी फिरवायचा: मोठा गोळा मधोमध, त्यावर दोन-तीन बोटं आणि एक क्लिक अंगठ्याने. लॉजिटेकचे सध्याचे दोन्ही, एम५७५ आणि एमएक्स एर्गो, अंगठ्याचे आहेत. एकेकाळी याच कंपनीचा बोटांनी फिरवायचा कॉर्डलेस ट्रॅकमनही मिळायचा, तो कधीच बंद झाला. प्रोटोआर्कसारख्या नव्या कंपन्यांचे स्वस्त ट्रॅकबॉलही बहुतेक त्याच साच्यातले. बोटांनी फिरवायचे वायरलेस बघायचे तर मुख्यतः केन्सिंग्टन (एक्स्पर्ट माउस, स्लिमब्लेड प्रो, ऑर्बिट) आणि जपानची एलेकॉम (ह्यूज, डेफ्ट प्रो). रीलमध्ये मात्र दिसतो अंगठ्याचाच.

तो जास्त का खपतो हे सरळ आहे. दिसायला तो माउससारखा, हात नेहमीच्याच पद्धतीने बसतो, क्लिकची बोटं तीच. एका दिवसात जमतो. बोटांचा ट्रॅकबॉल पहिला आठवडा परका वाटतो.

पण तुमच्या अंगठ्याचा दिवस मोजा. सकाळी उठल्या उठल्या व्हॉट्सॲप. लोकलमध्ये किंवा पीएमटीत एका हाताने दांडा धरलेला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने रील वर, वर, वर. टायपिंग अंगठ्याने, यूपीआयचा पिन अंगठ्याने, गेम अंगठ्याने. रात्री आडवं पडून पुन्हा तेच. फोन आता मोठे झालेत, त्यामुळे वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचायला अंगठा ताणावा लागतो तो वेगळाच. आणि आता ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या कामाचे सहा-आठ तासही त्याच अंगठ्याच्या गळ्यात?

अंगठा वर-बाहेर उचलणारे दोन स्नायुबंध मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेने एका अरुंद आवरणातून जातात. तीच हालचाल पुन्हा पुन्हा झाली की तिथे सूज येऊ शकते. याला डी क्वेर्व्हेन म्हणतात. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या स्विस सर्जनने १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणजे स्मार्टफोनच्या शंभर वर्षं आधी. बाळाला सतत उचलणाऱ्या नव्या आयांमध्ये हा त्रास डॉक्टरांना चांगला परिचित आहे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल, बरणीचं झाकण उघडताना किंवा कपडे पिळताना कळ येत असेल, तर ट्रॅकबॉल नंतर, आधी हाडांच्या डॉक्टरकडे जा. गॅजेट म्हणजे औषध नव्हे, आणि ‘एर्गो’ हे बॉक्सवरचं नाव आहे, प्रिस्क्रिप्शन नाही.

माउसची तक्रार वेगळी असते. त्यात मनगट करंगळीकडे वळलेलं राहतं, हात शरीरापासून लांब जातो, खांदा आखडतो. नंबरपॅडवाला रुंद कीबोर्ड असेल तर आणखीच. ट्रॅकबॉलने हे ओझं खरोखर कमी होतं, कारण हात हवा तिथे ठेवता येतो आणि तो तिथेच राहतो. पण ओझं नाहीसं होत नाही, ते खांद्यावरून दुसऱ्या अवयवावर जातं. प्रश्न एवढाच की कुठल्या. ज्या माणसाचा फोनवरचा वेळ कमी आहे त्याला अंगठ्याचा ट्रॅकबॉल उत्तम. माझ्या बाबांना मी तोच सुचवला. तुमच्या-माझ्यासारख्यांनी बोटांचा बघावा. तर्जनी आणि मधलं बोट फोनवर तशी निवांतच असतात.

बोटांच्या ट्रॅकबॉलचा आणखी एक फायदा कुणी सांगत नाही. त्यातली बरीच मॉडेल्स दोन्ही बाजूंनी सारखी असतात. डावखुऱ्यांसाठी हा मोठाच दिलासा, कारण एम५७५ आणि एमएक्स एर्गो फक्त उजव्या हाताचे आहेत. आणि उजवे असलात तरी दुपारनंतर तो उचलून कीबोर्डच्या डाव्या बाजूला ठेवता येतो. मी तसंच करते. लिहिताना उजवा, वाचताना आणि स्क्रोल करताना डावा. चार-पाच दिवस डावा हात बावळटासारखा वागतो, मग सुधारतो.

जिथे माउसच बरा

ड्रॅग करणं. बटण दाबून ठेवायचं आणि त्याच वेळी गोळा फिरवायचा, ही कसरत आहे. १९९१ मध्ये मॅकेन्झी, सेलेन आणि बक्स्टन या संशोधकांनी माउस, स्टायलस आणि ट्रॅकबॉल यांची तुलना केली होती, त्यातही ट्रॅकबॉल मागे पडला होता, ड्रॅग करताना तर विशेष. आणि त्रास बोटांच्या ट्रॅकबॉलवर जास्त जाणवतो, हे कबूल. व्हिडीओच्या टाइमलाइनवर क्लिप ओढताना मी विंडोजमधलं ‘क्लिकलॉक’ चालू ठेवते: बटण क्षणभर दाबून सोडलं की ते दाबलेलंच राहतं, पुन्हा दाबलं की सुटतं. माउसच्या सेटिंगमध्ये मिळेल. तिथेच ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ नावाचा पर्याय आहे. गेमर मंडळी तो बंद करायला सांगतात, पण ट्रॅकबॉलवर तो चालू ठेवा. गोळा जोरात ढकलला की कर्सर एका झटक्यात स्क्रीन ओलांडतो, हळू फिरवला की बारीक चालतो.

झटपट निशाणा लावायचे गेम खेळत असाल तर माउस टाकू नका. ट्रॅकबॉलवर खेळणारे आहेत, पण नव्याने शिकायला वेळ फार जातो. (आर्केडमधला १९८० चा ‘मिसाइल कमांड’ मात्र ट्रॅकबॉलवरच खेळायचा होता.)

फोनला जोडला तर?

चालतो. ब्लूटूथवाला ट्रॅकबॉल अँड्रॉइड फोनला जोडा, स्क्रीनवर बाण दिसेल. आयपॅडवर २०२० च्या मार्चमध्ये आलेल्या आयपॅडओएस १३.४ पासून माउस नीट चालतो, म्हणजे ट्रॅकबॉलही. खरी मजा सॅमसंगच्या डेक्ससारख्या सोयीत आहे. फोन टीव्हीला जोडला की कॉम्प्युटरसारखा डेस्कटॉप उघडतो. डेक्स २०१७ पासून आहे आणि सॅमसंगच्या महागड्या मॉडेलवर मिळतो. लॅपटॉप नसलेल्या विद्यार्थ्याला टीव्ही, ब्लूटूथ कीबोर्ड आणि मांडीवर ट्रॅकबॉल एवढ्यावर प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिता येतो. हॉलमध्ये टेबल नसेल तरी अडत नाही. मला विचाराल तर भारतातल्या घरांमध्ये ट्रॅकबॉलची खरी जागा ही आहे, रीलमधल्या लाकडी टेबलापेक्षा.

घेताना

भारतात ट्रॅकबॉलची किंमत साध्या वायरलेस माउसच्या कित्येक पट असते आणि दुकानात हाताळायला क्वचितच मिळतो. बोटांच्या मॉडेलची निवड तर आणखी कमी, काही फक्त आयात करून येतात आणि त्यावर वॉरंटीचा घोळ असतो. विक्रेत्याला भारतातली वॉरंटी आहे का, हे आधी मेसेज करून विचारा.

हाताचा आकार बघा. एम५७५ आणि एमएक्स एर्गोचा गोळा ३४ मिलिमीटरचा, ऑर्बिटचा ४० चा, एक्स्पर्ट माउस आणि स्लिमब्लेडचा ५५ चा. गोळा जितका मोठा तितकं बारीक काम सोपं, पण ५५ चं धूड बॅगेत जागा खातं. छोट्या हातांना एलेकॉमचं ह्यूज नावाप्रमाणेच अंगावर येतं. रोज ने-आण असेल तर ऑर्बिट बरा.

बॅटरीबद्दल माझं मत जुनाट वाटेल. एम५७५ एका एए सेलवर चालतो आणि कंपनी २४ महिन्यांपर्यंतचा दावा करते. एमएक्स एर्गो चार्ज करायचा, एका चार्जवर चार महिन्यांपर्यंत. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात एए सेल मिळतो, आतली लिथियम बॅटरी फुगली तर ती मिळत नाही. दहा वर्षं वापरायची वस्तू असेल तर मी सेलवाली घेईन.

साफसफाई टाळता येत नाही. हाताचं तेल आणि धूळ गोळ्यावरून आत जाते आणि त्या तीन मण्यांभोवती राखाडी किटण जमतं. आठ-दहा दिवसांनी गोळा अडखळायला लागला की समजा वेळ झाली. एम५७५ च्या पोटाला भोक असतं, त्यातून पेनाच्या मागच्या टोकाने गोळा वर ढकलायचा. केन्सिंग्टनचा नुसता उलटा केला की हातात येतो. मणी कापसाच्या बडने पुसायचे, गोळा सुती कापडाने. वडापाव खाऊन तेलकट बोटांनी वापरत असाल तर आठ दिवसही थांबावं लागणार नाही.

ऑनलाइन मागवताना रिटर्नची मुदत नीट वाचा. फक्त ‘रिप्लेसमेंट’ लिहिलं असेल तर न आवडल्यास पैसे परत मिळत नाहीत. आल्या दिवसापासून रोज तासभर तरी वापरा आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशी बघा, अंगठा कसा आहे ते.